प्रश्नोत्तरे : कृष्णा भारद्वाज आणि वरकडाचे अर्थशास्त्र

गेल्या अंकात शेतमालाच्या भावाविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी कृष्णा भारद्वाज (१९३५–१९९२) यांच्या शेतीविषयक अभ्यासाचा आधार घेतला होता. लहान शेतकरी बाजारात पुष्कळदा नाइलाजाने उतरतो, हे त्यांचे निरीक्षण मी सांगितले होते आणि त्यांचा उल्लेख ‘मार्क्सप्रणीत राजकीय अर्थशास्त्राच्या परंपरेत काम केलेल्या अभ्यासक’ असा केला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे विषय पुढे नेणारी आहेत, म्हणून आजचे सदर त्यांच्यासाठीच ठेवले आहे.

प्रश्न : मी पदवीच्या वर्गांना सूक्ष्म अर्थशास्त्र शिकवतो. मागणी आणि पुरवठ्याच्या वक्रांतून किंमत कशी ठरते हे सांगून झाले की आमचा अभ्यासक्रम जवळजवळ संपतो. मार्क्सच्या परंपरेतील अभ्यासक संशोधन करतो म्हणजे नेमके काय करतो? मार्क्सच्या ग्रंथांवर भाष्य लिहिण्यापलीकडे या क्षेत्रात काही काम उरले आहे का? — अर्थशास्त्राचे प्राध्यापक, कोल्हापूर

उत्तर : भाष्य हा या कामाचा एक भाग आहे, आणि तो वाटतो तितका गौणही नाही. परंतु आपल्या प्रश्नाला व्याख्येने उत्तर देण्यापेक्षा भारद्वाज यांची वाटचाल सांगणे मला अधिक योग्य वाटते, कारण त्या या विषयाकडे मार्क्सच्या ग्रंथांतून आल्याच नव्हत्या.

त्यांचा जन्म कारवारचा, बालपण बेळगावात गेले आणि उच्च शिक्षण मुंबईत झाले. मुंबई विद्यापीठात त्यांनी १९६० मध्ये डॉक्टरेट मिळवली ती वाहतूक नियोजनाच्या, विशेषतः रेल्वेच्या, तंत्रांवर. त्यानंतर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत काही काळ काढून त्या परतल्या, तेव्हा दुसऱ्या पंचवार्षिक योजनेनंतरच्या त्या काळात तरुण अर्थतज्ज्ञांना जे विषय खुणावत होते, म्हणजे नियोजनाची गणिते आणि उद्योगाउद्योगांतील देवघेव मांडणारी आदान-प्रदान कोष्टके, त्यांतच त्यांचेही मन होते. मुंबईतून १९४९ पासून ‘इकॉनॉमिक वीकली’ चालवणाऱ्या सचिन चौधरी यांनी त्यांच्याकडे परीक्षणासाठी एक नवे पुस्तक दिले. ते होते केंब्रिजमधील इटालियन अर्थतज्ज्ञ पिएरो स्राफा यांचे, वस्तूंच्या साह्याने होणाऱ्या वस्तूंच्या उत्पादनाविषयीचे, १९६० मध्ये प्रसिद्ध झालेले आणि शंभर पानेही न भरणारे पुस्तक. त्याची जुळवाजुळव स्राफांनी विसाच्या दशकाच्या अखेरीपासून चालवली होती. भारद्वाज यांचे परीक्षण २४ ऑगस्ट १९६३ च्या अंकात आले आणि त्यांच्या संशोधनाची दिशा तिथून बदलली. स्राफांना ते परीक्षण आवडले, पुढे भारद्वाज केंब्रिजला गेल्या आणि स्राफा व तिथल्याच अर्थतज्ज्ञ जोन रॉबिन्सन यांच्याशी त्यांचा दीर्घ बौद्धिक स्नेह जडला. इतक्या अवघड पुस्तकाच्या विस्तृत परीक्षणाला मुंबईतील एका साप्ताहिकाने पाने दिली, याचे मोल मला आजही फार मोठे वाटते.

त्या पुस्तकात असे काय होते, हे त्यातल्याच पहिल्या उदाहरणावरून पाहता येईल. एका समाजात दोनच वस्तू तयार होतात, गहू आणि लोखंड. क्वार्टर या जुन्या इंग्रजी मापाने २८० क्वार्टर गहू आणि १२ टन लोखंड वापरून ४०० क्वार्टर गहू पिकतो. १२० क्वार्टर गहू आणि ८ टन लोखंड वापरून २० टन लोखंड तयार होते. मजुरांचे पोट भरणारे धान्यही या गव्हातच धरलेले आहे. जितके लागले तितकेच निघाले. वर काही उरले नाही. पुढच्या वर्षी हे चक्र पुन्हा चालायचे असेल तर गहूवाल्यांनी आपले जादा १२० क्वार्टर देऊन १२ टन लोखंड घेतलेच पाहिजे. म्हणजे एक टन लोखंडाला दहा क्वार्टर गहू, हा एकच भाव शक्य आहे. हा भाव काढताना कोणाची आवड, कोणाची उपयोगिता, कोणताही वक्र लागला नाही.

आता गव्हाचे उत्पादन ४०० ऐवजी ५७५ क्वार्टर झाले आणि बाकी सारे तसेच राहिले असे समजा. खर्ची पडलेले सर्व भरून निघाल्यावर १७५ क्वार्टर गहू उरतो, आणि हाच वरकड. दोन्ही व्यवसायांत नफ्याचा दर सारखा राहायचा असेल तर एक टन लोखंडाचा भाव पंधरा क्वार्टर होतो आणि नफ्याचा दर पंचवीस टक्के निघतो. आपल्या विद्यार्थ्यांकडून ही दोन समीकरणे फळ्यावर सोडवून घ्यावीत. दहावीच्या बीजगणितापलीकडे त्यात काही नाही. त्यानंतर त्यांना विचारावे की, मजुरांनी संघटित होऊन या वरकडातला काही भाग मजुरीत मिळवला तर काय होईल? नफ्याचा दर उतरेल, आणि त्याबरोबर वस्तूंच्या परस्पर किमतीही बदलतील. वाटप कसे होणार हे आधी ठरावे लागते आणि मग किमती निघतात. भारद्वाज यांच्या परीक्षणाच्या शीर्षकाचा रोखही याच मुद्द्यावर होता, की या मांडणीत वाटप बाहेरून, म्हणजे समाजातील बलाबलातून, ठरून येते.

यानंतर त्यांनी केलेले काम वरवर पाहता सिद्धांतांच्या इतिहासाचे वाटते. कलकत्त्यातील रमेशचंद्र दत्त व्याख्यानमालेत त्यांनी अभिजात राजकीय अर्थशास्त्राची आणि पुढे मागणी-पुरवठा सिद्धांताला मिळालेल्या वर्चस्वाची मांडणी केली. ती व्याख्याने १९७८ मध्ये पुस्तकरूपाने आली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले केने, स्मिथ, रिकार्डो आणि मार्क्स हे या अभिजात परंपरेतले अर्थतज्ज्ञ; त्यांच्यात कितीही मतभेद असले तरी ते तीन गोष्टींपासून सुरुवात करतात : समाज किती उत्पादन करतो, कोणत्या पद्धतीने करतो आणि श्रमिकाला किती मिळते. उरलेले वरकड कोणाकडे आणि का जाते, हा त्यांचा पुढचा प्रश्न असतो. १८७० नंतर ही चौकट मागे पडली. मजुरी, नफा आणि खंड (जमिनीचे भाडे) या तिन्ही गोष्टी केवळ ‘घटकांच्या किमती’ ठरल्या, कांद्याच्या भावासारख्याच मागणी-पुरवठ्याने ठरणाऱ्या. एकदा ही चौकट मान्य केली की वर्गांमधील झगडा सिद्धांतात शिरायला दारच उरत नाही. तो बाहेरचा अडथळा होऊन बसतो. हा बदल पुराव्यांनी झाला की प्रश्नच बदलल्यामुळे झाला, याचा छडा ग्रंथ बारकाईने वाचूनच लागतो. या अर्थाने भाष्य हेही संशोधन आहे. आपण जो अभ्यासक्रम शिकवता तो कोणत्या गोष्टी गृहीत धरतो, हे त्यातून प्रथमच दिसू लागते.

प्रश्न : आमची तीन एकर शेती आहे. लहान शेत दर एकरी मोठ्या शेतापेक्षा जास्त पिकवते, म्हणून लहान शेतकरी अधिक कार्यक्षम असतो, असे आम्हाला एम. ए. ला शिकवतात. आपण मात्र त्याच्या नाइलाजाविषयी लिहिले. दोन्ही एकाच वेळी खरे कसे? — विद्यार्थिनी, श्रीरामपूर

उत्तर : आपला प्रश्न फार महत्त्वाचा आहे, आणि त्याची कथा काही अंशी आपल्याच जिल्ह्यातून सुरू होते. १९५४ पासून केंद्र सरकारच्या कृषी खात्याने शेतीव्यवस्थापनाच्या पाहण्या हाती घेतल्या. पहिल्या फेरीत तेव्हाच्या मुंबई राज्यातून अहमदनगर (आता अहिल्यानगर) आणि नाशिक, तर तेव्हाच्या मध्य प्रदेशातून अकोला आणि अमरावती हे जिल्हे घेतले होते. म्हणजे आजच्या महाराष्ट्रातले चार जिल्हे त्यात होते. कोणत्या शेतात किती मजूर-दिवस लागले, त्यांतले घरचे किती आणि रोजाचे किती, बैलांवर काय खर्च झाला, पीक काय आले, याच्या तपशीलवार नोंदी त्यात झाल्या. त्या आकड्यांत शेताचा आकार वाढला की दर एकरी उत्पादनाचे मूल्य घटते, असा कल दिसला. अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्ये त्याचे एक स्पष्टीकरण सुचवले. रोजाचा मजूर लावणारा शेतकरी मजुरी परवडते तिथे थांबतो. घरच्या माणसांना दुसरीकडे काम नसेल तर ती त्यापलीकडेही राबतात, म्हणून लहान शेतात दर एकरी श्रम जास्त पडतात.

भारद्वाज यांनी याच पाहण्यांचे आकडे पुन्हा उलगडले. हा अभ्यास केंब्रिज विद्यापीठाच्या उपयोजित अर्थशास्त्र विभागातर्फे १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी सर्व पिकांच्या बेरजेवर न थांबता एकेका पिकाकडे पाहिले, तेव्हा तो कल पुष्कळ ठिकाणी विरळ झाला किंवा टिकला नाही. एकाच पिकाच्या उताऱ्यात लहान-मोठ्यांचा फरक फारसा नव्हता. फरक पडत होता तो वर्षात किती वेळा पीक घेतले, कोणती पिके निवडली आणि पाणी किती क्षेत्राला मिळाले, यांमुळे. लहान शेतकऱ्याला तुकड्यातून जास्तीत जास्त काढायचे असते, म्हणून तो जास्त श्रमाची पिके घेतो आणि जमीन मोकळी ठेवत नाही. पण त्याच आकड्यांत हेही दिसते की बैलजोडीचा खर्च दर एकरी त्यालाच सर्वांत जड जातो, कारण तीन एकर असोत की दहा, जोडीला वैरण वर्षभर लागतेच. एकरी उत्पादनाची बाजू तेवढी पाहिली की तो कार्यक्षम दिसतो. त्यासाठी त्याने आणि घरच्यांनी किती दिवस किती कमी मोबदल्यावर घातले, हे पाहिले की ‘कार्यक्षम’ हा शब्द वापरताना हात अडखळतो. आपल्याला शिकवलेले विधान सर्वस्वी खोटे नाही, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष घाईचा आहे.

आता नाइलाजाविषयी. अर्थतज्ज्ञ धर्म नारायण यांनी १९६१ मध्ये दाखवले होते की उत्पादनातला विक्रीला जाणारा वाटा जमिनीच्या आकाराबरोबर सरळ वाढत जात नाही. अगदी लहान शेतकरी बऱ्यापैकी वाटा विकतात, मधले कमी विकतात आणि मोठे पुन्हा जास्त विकतात. घरात खायला पुरेसे नसलेला माणूस धान्य विकतो, हे पाठ्यपुस्तकातल्या शेतकऱ्याला शोभणारे वर्तन नाही. भारद्वाज यांनी त्याचा अर्थ लावला. त्या तळच्या शेतकऱ्याला खळ्यावरूनच माल द्यावा लागतो, कारण बियाण्याची उधारी असते, उचल फेडायची असते, खंड द्यायचा असतो. आणि पावसाळ्यात त्याच धान्यासाठी तो चढ्या भावाने पुन्हा दारात उभा राहतो. मोठा शेतकरी भाव येईपर्यंत माल ठेवू शकतो. बाजारात दोघेही आहेत, पण एक निवड करून आला आहे आणि दुसऱ्याला ओढत आणले आहे.

याहून पुढची त्यांची देणगी मला सर्वांत मोलाची वाटते. जमीन, कर्ज, मजुरी आणि माल यांचे चार वेगळे बाजार आहेत असे समजून अर्थशास्त्र लिहिले जाते. खेड्यात मात्र बटाईने जमीन देणारा, हातउसने देणारा, सुगीत मजुरीला बोलावणारा आणि माल उचलणारा हे पुष्कळदा एकच घर असते. अशा ठिकाणी व्याजाचा दर कमी दिसला तरी त्याची भरपाई मालाच्या भावात होते. खंड सौम्य वाटला तरी त्याच्यामागे सुगीचे बांधील दिवस असतात. एका करारातला आकडा सुटा काढून तपासला तर हाती काहीच लागत नाही. चारही व्यवहार एकत्र ठेवले की त्या घराची सत्ता दिसते. पुढे या विषयावर जगभर विपुल गणिती लेखन झाले. त्यातल्या बऱ्याच लेखनात हे जोडलेले करार दोन्ही पक्षांच्या सोयीचे ठरवले गेले, आणि भारद्वाज यांनी नेमका त्यालाच आक्षेप घेतला होता. माझे मत त्यांच्या बाजूचे आहे. सोय असेल, परंतु ती कोणाच्या अटींवर, हे विचारल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही.

वरच्या पहिल्या प्रश्नाशी याचा संबंध असा : गव्हा-लोखंडाच्या समीकरणांत वाटप बाहेरून येते असे म्हटले, ते ‘बाहेर’ म्हणजे आपले गाव. स्राफांचा सिद्धांत आणि नगर-अकोल्याचे आकडे ही भारद्वाज यांची दोन वेगळी संशोधने नव्हती.

प्रश्न : स्राफांच्या पद्धतीने मार्क्सचा श्रममूल्य सिद्धांत निकालात निघाला असे वाचले. मग भारद्वाज यांना मार्क्सच्या परंपरेत बसवणे कितपत बरोबर आहे? — वाचक, ठाणे

उत्तर : आक्षेप गंभीर आहे आणि तो जुना आहे. ‘भांडवल’चा तिसरा खंड मार्क्सच्या मृत्यूनंतर एंगेल्स यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात श्रममूल्यांवरून (वस्तूत पडलेल्या श्रमावरून ठरणाऱ्या मूल्यांवरून) उत्पादनकिमतींकडे (सर्वत्र सारखा नफ्याचा दर धरून निघणाऱ्या किमतींकडे) जाण्याची जी रीत आहे ती अपुरी आहे, हे दोनच वर्षांत ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञ ब्यूम-बावेर्क यांनी लिहिले आणि १९०७ मध्ये संख्याशास्त्रज्ञ बोर्टकीविच यांनी गणिताने दुरुस्त करून दाखवले. १९७७ मध्ये ब्रिटिश अर्थतज्ज्ञ इयन स्टीडमन यांनी स्राफांच्या आधाराने म्हटले की उत्पादनपद्धती आणि खरी मजुरी कळली की नफ्याचा दर आणि किमती थेट काढता येतात. मधे श्रममूल्यांचा टप्पा लागतच नाही. गणित म्हणून हे बरोबर आहे, आणि मार्क्सवादी म्हणवणाऱ्याने ते मोकळेपणाने मान्य करावे असे मला वाटते.

परंतु भारद्वाज यांनी रिकार्डो, मार्क्स आणि स्राफा यांच्यातले सातत्य वरकडाच्या दृष्टिकोनात पाहिले. त्यांनी स्वतःच्या कामासाठी ‘अभिजात’ हा शब्द अधिक वापरला, त्यामुळे त्यांना केवळ मार्क्सवादी म्हणणे काहींना पटणार नाही. मीही म्हणूनच ‘परंपरेत’ असा शब्द योजला होता. जर्मन भाषक अर्थतज्ज्ञ बर्ट्राम शेफोल्ड यांच्याबरोबर स्राफांवरील निबंधांचा जो मोठा संग्रह त्यांनी १९९० मध्ये संपादित केला, त्यात या वादाच्या अनेक बाजू एकत्र वाचायला मिळतात.

प्रश्न : या साऱ्यात जात कुठे आहे? — वाचक, धुळे

उत्तर : भारद्वाज यांच्या शेतीविषयक विश्लेषणात ती केंद्रस्थानी नाही. त्यांची वर्गवारी जमिनीच्या आकारावरून आणि उत्पादनाच्या साधनांवरून होते. परंतु कर्ज कोणाला मिळते, बटाईने जमीन कोणाला देतात, सालगडी कोण होतो, हे ठरवणारी सत्ता आपल्या खेड्यांत जातीशिवाय समजत नाही, आणि ही त्रुटी मी लहान मानत नाही. आपल्याच धुळ्याच्या शरद पाटील यांनी १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला तो याच प्रश्नावर, मार्क्ससोबत फुले-आंबेडकरांना घेऊन. कासेगावात राहून लिहिणाऱ्या गेल ऑम्वेट यांनीही जात आणि वर्ग एकत्र मांडण्याचा आग्रह धरला. गंमत नव्हे, खंत म्हणून सांगतो की जोडलेल्या व्यवहारांची भारद्वाज यांची चौकट आणि जातीविषयीची ही मांडणी यांची नीट गाठ घालणारे काम अजून फार थोडे झाले आहे.

प्रश्न : मला या विषयात पीएच. डी. करायची आहे. यात पुढे जाता येते का, आणि तयारी कशी करावी? — विद्यार्थी, नागपूर

उत्तर : पदाच्या दृष्टीने विचारत असाल तर ब्रिटिश मार्क्सवादी अर्थतज्ज्ञ मॉरिस डॉब यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. १९०० मध्ये जन्मलेले डॉब तरुणपणीच ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षात गेले आणि १९२४ पासून १९६७ पर्यंत केंब्रिजमध्ये शिकवत राहिले. सरंजामशाहीतून भांडवलशाही कशी निघाली यावरचा त्यांचा १९४६ चा ग्रंथ वाचल्याशिवाय आजही त्या वादात कोणी उतरत नाही. अमेरिकन मार्क्सवादी अर्थतज्ज्ञ पॉल स्वीझी यांच्याशी झालेली त्यांची चर्चा त्यातूनच उद्भवली. रिकार्डोंच्या समग्र लेखनाचे संपादन स्राफांच्या हातून वर्षानुवर्षे अडले होते. १९४८ पासून डॉब मदतीला आले आणि १९५१ ते १९५५ या काळात दहा खंड बाहेर पडले. त्यांनी १९५१ मध्ये दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्येही आर्थिक विकासावर व्याख्याने दिली. एवढे करूनही ते रीडर, म्हणजे प्राध्यापकाच्या खालच्या पदावर, म्हणूनच निवृत्त झाले. प्राध्यापकपद त्यांना मिळाले नाही. आपल्याकडे परिस्थिती थोडी निराळी होती. सत्तरच्या दशकात जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अर्थशास्त्र आणि नियोजनाचे केंद्र उभे राहिले, त्याच्या उभारणीत भारद्वाज यांचा पुढाकार होता आणि तिथे विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडल्या. तरीही नोकरी हवी असेल तर मुख्य प्रवाहातले अर्थशास्त्रही तितकेच चांगले यावे लागेल.

तयारीचे म्हणाल तर रेषीय बीजगणित आधी पक्के करा, कारण ते न येणारा माणूस स्राफांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणापुढे जात नाही. ‘भांडवल’ मराठीत उपलब्ध आहे; पहिला खंड मराठी आणि इंग्रजी शेजारी ठेवून वाचावा, आणि मधला कामाच्या दिवसाच्या लांबीवरचा भाग गाळू नये, कारण मार्क्सने सरकारी कारखाना-निरीक्षकांचे अहवाल कसे वापरले हे तिथे शिकायला मिळते. सातबारा आणि फेरफार वाचता आले पाहिजेत. पुण्याच्या गोखले संस्थेने पूर्वीपासून शेतीच्या पाहण्या केल्या आहेत. वाई तालुक्याची १९४० ची धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. आर. गाडगीळ यांची पाहणी त्यांतली एक. आपण नागपूरचे आहात, तेव्हा अकोला-अमरावतीचा पन्नाशीच्या दशकातला अहवाल मिळवून त्यातल्या कापसाच्या आणि ज्वारीच्या कोष्टकांपासून सुरुवात करावी, आणि त्याच तालुक्यांत आज बियाणे उधारीवर देणारा दुकानदार सरकीसकट कापूस कोणत्या भावाने उचलतो याची नोंद शेजारच्या रकान्यात ठेवावी.